प्रभू सोबत आहे, मग जाणवत का नाही?

वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकातील प्रार्थनेवरच्या लेखानंतर बरीच पत्रे आली. देव सदैव सोबत असतो हे मान्य, पण त्यावर विसंबून दिवस कसा काढायचा, हा बहुतेकांचा प्रश्न. त्यातली काही पत्रे थोडी आखडून देत आहोत. उत्तरे एका पाळकांनी आणि एका कॅथलिक धर्मगुरूंनी मिळून लिहिली आहेत. दोघांच्या परंपरा जिथे वेगळ्या होतात तिथे तसे सांगितले आहे.

रोज पहाटे अर्धा तास प्रार्थनेला बसतो. पूर्वी डोळे मिटले की प्रभू समोर आहे असे वाटे. गेले आठ-नऊ महिने भिंतीशी बोलल्यासारखे होते. माझ्या हातून काही पाप घडले असेल का? की पूर्वीचे सगळे मनाचे खेळ होते?
– एक वाचक, अहिल्यानगर

पाप घडले म्हणूनच असे झाले, हे गृहीत धरू नका. पूर्वीचे सारे खोटे होते असेही म्हणू नका. आठ-नऊ महिन्यांच्या कोरडेपणावरून यांपैकी एकही निष्कर्ष निघत नाही.

आधी एक गुंता सोडवू. सान्निध्य म्हणताना आपण तीन निरनिराळ्या गोष्टी एकात मिसळतो. पहिली, देव सर्वत्र आहे. स्तोत्र १३९ मधला भक्त आकाशात चढून पाहतो, अधोलोकात अंथरूण घालून पाहतो, समुद्राच्या पार टोकाला जाऊन राहण्याचा विचार करतो. देव सगळीकडे आधीच हजर. हे कुणाच्या श्रद्धेवर अवलंबून नाही, न मानणाऱ्यालाही ते लागू आहे. दुसरी, अभिवचनाचे सान्निध्य. ‘युगाच्या समाप्तीपर्यंत मी सर्व दिवस तुमच्याबरोबर आहे,’ हा प्रभूचा शब्द मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अगदी शेवटी येतो. तो ज्यांना दिला त्यांच्यातल्या काहींना त्याच डोंगरावर उभे असताना संशय वाटत होता, हेही मत्तयाने तीन वचने आधी (२८:१७) नोंदवले आहे. संशय होता म्हणून प्रभूने शब्द आवरता घेतला नाही. तिसरी, मनाला जाणवणारे सान्निध्य: शांती, भरून येणे, कुणीतरी ऐकते आहे ही खात्री. ही देणगी आहे, ती येते आणि जाते. तुमची तक्रार तिसऱ्या गोष्टीची आहे, पण धास्ती बसली आहे ती दुसरी हरवली की काय याची.

सोळाव्या शतकात येशू संघाचे संस्थापक संत इग्नाशियस लोयोला यांनी अशा कोरड्या काळाची तीन कारणे लिहून ठेवली. आपण प्रार्थनेत हयगय केलेली असते. किंवा गोडी नसताना आपण किती टिकतो याची ती पारख असते. किंवा आधी मिळालेला आनंद आपली कमाई नव्हती हे आपल्याला कळावे, यासाठी तो काढून घेतलेला असतो. तीनांपैकी एकच कारण आपल्या दोषाचे आहे. म्हणून आत्मपरीक्षण जरूर करा, पण एकदाच आणि नेमके. कुणाशी भांडण मिटवायचे राहिले आहे का (मत्तय ५:२३-२४)? चूक आहे हे माहीत असूनही चालू ठेवलेली गोष्ट आहे का? पहाटेच्या प्रार्थनेआधी मोबाइल हातात येऊ लागला आहे का? काही सापडले तर कबूल करा आणि दुरुस्त करा. शांतपणे शोधूनही सापडले नाही तर खणणे थांबवा. रोज नव्याने पाप शोधत बसल्याने नम्रता वाढत नाही; लक्ष देवावरून उठून स्वतःवर बसते, एवढेच.

इग्नाशियस यांचा आणखी एक नियम जास्त उपयोगी आहे: कोरड्या काळात पूर्वी केलेला निश्चय बदलायचा नाही. अर्धा तास ठरवला होता तर अर्धाच तास, आणि उठावेसे वाटले तर मुद्दाम एखादे मिनिट जास्त. घसरण इथूनच सुरू होते. आज वीस मिनिटे, पुढच्या आठवड्यात दहा, मग ‘मनापासून होत नाही तर ढोंग कशाला’ म्हणून बंद. याच्या उलटी चूकही सर्रास दिसते. हरवलेली भावना परत आणण्यासाठी माणसे जास्त उपास धरतात, आणखी मोठ्या आवाजाच्या सभा आणि नवनवे वक्ते शोधतात. दोन-चार दिवस भावना येते, ओसरते, आणि आधीपेक्षा जास्त रिते वाटते.

वेळ बदलू नका, पण आतली मांडणी बदला. स्वतःचे शब्द आटले असतील तर दिलेले शब्द घ्या. अर्ध्या तासातली पहिली पाच मिनिटे नुसते बसा. पुढची दहा मिनिटे एकच छोटे स्तोत्र हळू, ओठ हलवून, तीनदा वाचा. तिसऱ्या वेळी जिथे मन अडेल तिथेच थांबा. मग दहा मिनिटे वहीत लिहिलेली माणसांची नावे एकेक घेऊन मध्यस्थीची प्रार्थना. शेवटची पाच मिनिटे प्रभूची प्रार्थना, एकेका मागणीवर थांबत. यातले काहीच ‘वाटण्यावर’ चालत नाही, म्हणून ते कोरड्या दिवसातही होते.

शरीराचा विचार आपल्याकडे फार कमी होतो. १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला आहे. देवदूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खायला घालतो. होरेब डोंगरावर देवाचा मंद स्वर त्याला ऐकू येतो तो त्यानंतर चाळीस दिवसांनी. तेव्हा झोप किती होते, हे आधी पाहा. आणि नुसती प्रार्थनाच नव्हे, तर जेवण, काम, नातवंडे, सगळ्यातलेच मन दोन आठवड्यांहून अधिक काळ उडाले असेल तर डॉक्टरांना दाखवा. नैराश्यावर उपचार घेणे हा अविश्वास नव्हे.

राहता राहिला ‘मनाचे खेळ’ हा संशय. मदर तेरेसा यांची खासगी पत्रे २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. कोलकात्यातल्या सेवेची बहुतेक सारी वर्षे त्यांना देवाची जाणीव जवळजवळ होत नव्हती, हे त्यांतून जगाला कळले. त्या पहाटेच्या प्रार्थनेला मात्र बसत राहिल्या.

रुग्णालयात परिचारिका आहे, महिन्यातून कितीतरी रात्रपाळ्या. ‘नित्य प्रार्थना करा’ हे वाचते आणि अपराधी वाटते. वॉर्डात देवाची आठवण ठेवायची तरी कशी?
– एक वाचक, पुणे

सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेल मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे एक बंधू होते. पूर्वी सैनिक, पायाने अधू. त्यांना स्वयंपाकघर दिले गेले, आणि ते काम त्यांना मुळीच आवडत नसे. तरी भांड्यांच्या खणखणाटात आणि वेदीपुढे गुडघे टेकताना आपल्याला सारखेच देवाजवळ राहता येते, असे ते पुढे सांगू लागले. लोक एवढेच उचलतात. हे साधेपर्यंतची पहिली दहा वर्षे फार क्लेशात गेली, हे त्यांनीच पत्रात लिहिले आहे, ते कुणी सांगत नाही. तेव्हा तीन महिन्यांत जमले नाही म्हणून खट्टू होऊ नका.

पद्धत अशी. जे काम पाळीत अनेकदा करावेच लागते त्यालाच प्रार्थना जोडा. तुमच्याकडे ते तयारच आहे: प्रत्येक रुग्णाआधी हात निर्जंतुक करणे. हँडरब चोळायला २० ते ३० सेकंद लागतात, साबणाने धुवायला ४० ते ६०. तेवढ्या वेळात समोरच्या रुग्णाचे नाव आणि एका श्वासात मावेल असे एक वाक्य: ‘प्रभू, तू इथे आहेस’, किंवा लूकच्या शुभवर्तमानातल्या जकातदाराचे ‘हे देवा, मज पाप्यावर दया कर’, किंवा ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांच्या भजनातली एखादी पाठ असलेली ओळ. इजिप्तच्या वाळवंटातले साधू अशाच छोट्या, बाणासारख्या प्रार्थना करत, असे संत ऑगस्टीन यांनी लिहिले आहे. प्रार्थना लांबली की लक्ष भोथरे होते, म्हणून ते आखूड ठेवत.

सुरुवातीला असे एकच ठिकाण घ्या. महिनाभराने दुसरे: चार्ज घेताना किंवा देताना. तिसऱ्यापुढे जाऊ नका. दहा ठिकाणे ठरवणाऱ्याचे आठवड्यात एकही उरत नाही. वाक्यही महिनाभर तेच ठेवा. रोज बदलले तर ते आठवण्यातच शक्ती जाते. मोबाइलचा गजर लावू नका. तो नेमका सलाइन लावताना वाजतो, आपण तो बंद करतो, आणि चार दिवसांत हात आपोआप बंद करायला शिकतो.

औषधाची मात्रा मोजताना मात्र प्रार्थना नको. तेव्हा सगळे लक्ष मात्रेवर हवे. ब्रदर लॉरेन्स काम सुरू करण्याआधी ते देवाला अर्पण करीत आणि मग कामात लक्ष घालीत. इंजेक्शन भरतानाची तुमची एकाग्रता त्या अर्पणातच येते. पाळी संपताना लक्षात आले की चार तास आठवणच झाली नाही, तर ‘हा मी परत आलो’ एवढे म्हणायचे आणि पुढे जायचे. ब्रदर लॉरेन्सही असेच करीत. हिशेब ठेवू नका, किती वेळा आठवण झाली त्याची वहीही नको.

रात्रपाळीसाठी दोन स्तोत्रे पाठ करा. १२१ वे आठ वचनांचे आहे, ते न झोपणाऱ्या रक्षकाचे. १३४ वे तीनच वचनांचे, आणि ते रात्री परमेश्वराच्या घरात सेवेला उभे राहणाऱ्यांना उद्देशून आहे. पहाटे तीन वाजता दुसरे काही वाचवत नाही, हे बसते.

आई दोन महिन्यांपूर्वी गेली. आयसीयूत उशाशी यशया ४१:१० लिहून लावले होते: ‘तू भिऊ नकोस, कारण मी तुझ्याबरोबर आहे.’ विश्वास धरला तर ती नक्की उठेल, असे आमच्या प्रार्थनागटाने सांगितले होते. आता तेच म्हणतात, घरच्यांचा विश्वास कमी पडला. मला बायबल उघडवत नाही.
– एक वाचक, वसई

तुमचा विश्वास कमी पडला नाही. गटाने जे म्हटले ते पवित्र शास्त्राच्या विरुद्ध आहे, आणि दुखावलेल्या माणसाला असे बोलणे ही क्रूरता आहे, मग ती किती का भक्तिभावाने केलेली असेना.

ते वचन पुन्हा पाहा. त्यात सोबतीचा शब्द आहे, धीर आणि आधार देण्याचा शब्द आहे. आजार बरा होईल असा शब्द तिथे नाही. दोन अध्याय पुढे, ४३:२ मध्ये, तू पाण्यातून चालशील तेव्हा मी तुझ्याबरोबर असेन, असे येते. पाणी येणारच नाही असे नाही. यिर्मया २९:११ चेही तसेच. ‘तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत’ हे सुटे काढून घरोघरी लावले जाते, पण आदल्याच वचनात बाबेलच्या बंदिवासात सत्तर वर्षे जातील असे लिहिले आहे. बंदिवानांना पाठवलेले ते पत्र ऐकणाऱ्यांपैकी कितीतरी जण तिथेच वारले असणार. वचन तोडून संरक्षणाची हमी म्हणून वापरणे ही जुनी युक्ती आहे, आणि ती प्रथम कुणी केली तेही नोंदलेले आहे: मत्तय ४:६ मध्ये सैतान स्तोत्र ९१ म्हणून दाखवतो आणि प्रभूला मंदिराच्या शिखरावरून उडी मारायला सांगतो. प्रभूने नकार दिला.

‘पुरेसा विश्वास’ हे मापही खरे नाही. मार्क ९ मधला बाप ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका’ म्हणाला आणि त्याचा मुलगा बरा झाला. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभूने स्वतः दुःखाचा प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली आणि प्याला टळला नाही. त्याचा विश्वास कमी पडला असे गटातले कुणी म्हणेल का? इब्री ११ मध्ये विश्वासाने सिंहांची तोंडे बंद करणारे आणि विश्वासानेच करवतीने चिरले गेलेले, दोघेही एकाच यादीत आहेत. आणि प्रभूने ज्यांना बरे केले, मेलेल्यांतून उठवलेल्या लाजरासह, ते सगळे पुढे कधीतरी वारलेच.

बायबल उघडवत नसेल तर आत्ता सगळे उघडू नका. फक्त स्तोत्र १३. सहाच वचने आहेत. पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर?’ हा सवाल चार वेळा देवालाच टाकलेला आहे, पुढच्या दोनांत मागणे आहे, शेवटच्या दोनांत भरवसा. याच सांगाड्यावर कागदावर स्वतःचे लिहा. पहिल्या भागात तक्रार, आईचे नाव घेऊन, जे झाले ते स्पष्ट शब्दांत: व्हेंटिलेटर, बिल, शेवटची भेट न होणे, जे असेल ते. ‘देवाशी असे बोलू नये’ म्हणून सौम्य करू नका. स्तोत्रकर्त्याने केलेले नाही. दुसऱ्या भागात आत्ता काय हवे ते. तिसरा भाग लिहवला नाही तर कोरा सोडा. स्तोत्र ८८ तसेच आहे: अठरा वचने, आणि शेवटचा शब्द अंधाराचा. ते स्तोत्रसंहितेत ठेवले गेले, गाळले गेले नाही, कारण अंधारात केलेली तक्रारही देवालाच केलेली आहे. ज्याला कुणी ऐकत नाही असे वाटते तो तक्रार करत नाही, गप्प होतो. महिनाभराने तोच कागद काढा. कोऱ्या जागेत काही लिहावेसे वाटले तर लिहा.

प्रार्थनागटातल्या लोकांना हा अंक दाखवायचा असेल तर पुढचे त्यांच्यासाठी. मुले आणि मालमत्ता गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर त्यांचे बरोबर चालले होते. बिघडले ते कारणे सांगू लागल्यावर. दुःखाच्या घरात ‘यामागे देवाचा काही हेतू असेल’, ‘चांगली माणसे त्याला लवकर हवी असतात’ असली वाक्ये बोलू नयेत. पहिल्या आठवड्यात घर भरलेले असते. खरी गरज दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात लागते, कारण तोवर येणारे थांबतात. तेव्हा डबा घेऊन जा, गेलेल्या व्यक्तीचे नाव घेऊन बोला, आणि ‘काही लागले तर सांगा’ म्हणण्याऐवजी ‘गुरुवारी संध्याकाळी येतो’ म्हणा. प्रार्थना करायची तर विचारून, आणि दोन मिनिटांत संपवून.

झोपण्यापूर्वी दिवसाचा आढावा घ्या असे सांगतात. मी घेते, पण दहा मिनिटांत चुकांची यादी तयार होते आणि झोप उडते.
– एक वाचक, सोलापूर

क्रम उलटा होतो आहे. इग्नाशियस यांच्या आढाव्यात पाच पायऱ्या आहेत आणि चूक तिसरीच्या आधी येत नाही: आभार, मग नीट दिसावे म्हणून प्रकाशाची विनंती, मग दिवस तपासणे, मग क्षमा, मग उद्याचा निश्चय. पंधरा मिनिटे धरली तर त्यातली चार आभाराला द्या, आणि आभार मोघम नको. ‘सर्व कृपेबद्दल’ म्हणून भागवू नका. ‘दुपारी बहिणीचा फोन आला’ असे म्हणा. दिवस तपासताना दुपारी जेवेपर्यंत, मग संध्याकाळपर्यंत, मग रात्र, असे तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकड्याला विचारा: देवाकडे ओढले कशाने, दूर नेले कशाने? क्षमा एकाच गोष्टीसाठी मागा, निश्चयही एकच. अंथरुणात पडून करू नका, बसून करा. तरीही झोप उडत असेल तर वेळ रात्रीच्या जेवणाआधी आणा. रात्रीच व्हायला हवे असे बंधन नाही.

सहा वर्षांच्या मुलाला खोडी केली की आजी म्हणते, ‘देव बघतोय हं!’ आता तो एकटा अंघोळीलाही घाबरतो.
– एक वाचक, नाशिक

आजींना बाजूला घेऊन, त्यांचा मान राखून सांगा की वाक्य खरे आहे, पण वापर चुकीचा झाला आहे. देव पाहतो हे बायबलमध्ये प्रथम मोठ्या आवाजात म्हणते ती हागार, मालकिणीच्या जाचाला कंटाळून पळालेली गरोदर दासी, रानातल्या झऱ्याजवळ (उत्पत्ति १६). तिला त्या नजरेचा धाक वाटला नाही. माझ्याकडे कुणाचे तरी लक्ष आहे, याचा आधार वाटला.

घरी दोन बदल करा. खोडीला साधी, घरातली शिक्षा असू द्या. देवाला मध्ये आणू नका. आणि आजींनीच ‘देव बघतोय’ हे दिवसातून एकदा चांगल्या वेळी म्हणावे: त्याने धाकटीला खाऊ दिला तेव्हा, तो पडला आणि रडला तेव्हा. पोर आजीचेच ऐकते, म्हणून दुरुस्ती त्यांच्याकडूनच लागू पडेल. झोपताना दोन प्रश्न पुरेत: आज काय आवडले, कशाची भीती वाटली? दोन्ही देवाला सांगायचे आणि दिवा मालवायचा. अंघोळीची भीती जाईपर्यंत दार थोडे उघडे राहू द्या.

मी कॅथलिक, पती प्रोटेस्टंट. देव सगळीकडे आहे तर चर्चमध्ये वेगळा कसा, यावर आमचा वाद होतो.
– एक वाचक, मुंबई

देव सर्वत्र आहे यावर दोघांचे एकमत आहे. वाद परमप्रसादाचा आहे. कॅथलिक शिकवणुकीनुसार मिस्सामध्ये भाकर आणि द्राक्षारस ख्रिस्ताचे शरीर आणि रक्त होतात आणि तो तिथे खरोखर उपस्थित असतो. म्हणून उरलेला परमप्रसाद जपून ठेवतात आणि त्याच्यापाशी दिवा अखंड तेवतो. प्रोटेस्टंटांत एक मत नाही. ल्यूथरपंथी प्रत्यक्ष उपस्थिती मानतात, कॅल्विनच्या परंपरेत ती आत्म्याद्वारे मानली जाते, काही मंडळ्या प्रभुभोजन स्मरण म्हणून पाळतात. हा मतभेद जेवणाच्या टेबलावर सुटणारा नाही. घरची प्रार्थना मात्र दोघांनी एकत्र करायला कुणाचीच आडकाठी नाही.

‘नोकरी सोड’ असे देव मला सांगतो आहे, अशी आतून खात्री वाटते. राजीनामा देऊ का?
– एक वाचक, ठाणे

या आठवड्यात नको. ‘प्रत्येक आत्म्यावर विश्वास ठेवू नका, पारख करा,’ असे १ योहान ४:१ सांगते, आणि पारखेला वेळ लागतो. ही खात्री साहेबांशी भांडण झाल्याच्या दिवशी आली का, ते पाहा. सोडण्याची आणि न सोडण्याची कारणे दोन वेगळ्या दिवशी लिहा, एक दिवस मन शांत असताना आणि एक दिवस उदास असताना, आणि उदास दिवशीच्या कागदावर निर्णय घेऊ नका. तुमच्याशी असहमत होण्याची हिंमत असलेल्या दोघांना विचारा. त्यातला एक तुमच्या घरखर्चाचा आकडा जाणणारा असावा. घाई, गुप्तता आणि ‘आताच नाही तर कधीच नाही’ ही भाषा दिसली तर थांबा. आणि आवाज आतून नव्हे तर खरोखर कानांनी ऐकू येत असेल, किंवा तो स्वतःला वा कुणाला इजा करायला सांगत असेल, तर उशीर न करता मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. पाळकांना सोबत न्यायला हरकत नाही.